बुराक

ताळगावच्या पठारावर, ग्रंथालयामागच्या तळघरात
आमचं यंत्र आहे. पोलादाचं एक पोकळ कडं,
कमरेला लागेल एवढं.
पाहुणे हिरमुसतात. "एवढंच?"
त्यांना कुणीतरी सूर्य म्हणून सांगितलेलं असतं.

आत चिमूटभर हायड्रोजन.
चिमूटही नाही, चिमटीतून निसटून उरेल तेवढा.
त्याला ठेवायला भांडं नाही,
कारण भांड्याला शिवला की तो निवतो
आणि भांडं पोळतं.
म्हणून चुंबकानं धरायचं, लांबूनच,
सोवळ्यातल्या काकूनं अंगणातल्या पोराला
नजरेनंच जागी बसवावं तसं.

अकरा महिने तो खाली पडतोय.
एकसष्ट मिलिसेकंद गुण्यागोविंदानं फिरतो,
मग कलतो, जरासाच,
कललाय म्हणून आणखी कलतो,
आणि तळाला टेकतो.
आवाज होत नाही. पडद्यावरची रेघ तुटते
आणि ग्राफाइटवर अजून एक करडा चट्टा.

माझं काम सांगायला सोपं:
तो खाली सरकला की वर ओढ,
वर गेला की सोड.
पण सरकला हे मला कळतं
तेव्हा त्याचं सरकून झालेलं असतं.
रात्र रात्र मी तो उशीर सोलत बसले,
बोंड्याचं तेल लागलेल्या बोटांनी काजूगर सोलावेत तसा,
एकेक मायक्रोसेकंद.
तरी एकसष्ट.

वेटोळी ब्राझनं गुंडाळलीत.
आधी वास्कोला, जहाजांच्या कारखान्यात, मोटारी भरायचा.
घर चोडणला. त्याच्या पायनं तिथली मानस
तीन वर्षं पावणीत घेतली होती.
भरती आली की तिची फळ्यांची दारं आपसूक मिटत,
ओहोटीला आपसूक उघडत,
तिथं माणूस लागत नसे.
माणूस लागे तो बांधाला:
कंदील घेऊन, वाकून, चिखलात कान देऊन,
कारण कुर्लीचं बीळ बोटाएवढं असतं
आणि पहाटेपर्यंत त्यातून अख्खं शेत खारं होतं.

त्या गुरुवारी तो मागे उभा राहून
माझी रेघ बघत होता. बराच वेळ.
म्हणाला, "बुराक सोद, बाय. दार बरें आसा."

मला राग आला. मग आम्ही शोधलं.
चोवीस संवेदक, एकेकासमोर साधा लोहचुंबक धरून,
तो कड्याखाली आडवा, मी पडद्याशी.
"दोन?" बरोबर. "नऊ?" बरोबर.
सतराव्याला काटा उलटा गेला.

लाल तार काळीच्या जागी. एवढंच.
नोंदवहीत मागच्या जूनचं पान, माझं अक्षर:
सतरा नंबर पुन्हा जोडला. ठीक.

म्हणजे तो पडू लागला
की तेवीसजण म्हणत, उचल,
सतरावा म्हणे, दाब,
आणि मी सगळ्यांचं ऐकून घेऊन
सेकंदाला दहा हजार वेळा
फार काळजीनं
त्याला थोडं थोडं ढकलत होते.

ब्राझ काही बोलला नाही. हात पुसले.

बाराशे आठवा प्रयोग, रात्री पावणेनऊ.
एकसष्ट गेले. ऐंशी. एकशेतीस.
काचेच्या खिडकीत कडेकडेनं गुलाबी,
पातळ सोलकढीचा रंग,
आणि मधोमध काळोख,
कारण मधे तो इतका तापलेला
की डोळ्यांच्या हिशेबात बसत नाही.
एकशे अठ्ठ्याऐंशीला संधारित्रं रिकामी झाली
आणि तो विझला.
पडला नाही, विझला.
हा फरक मी आईला फोनवर सांगितला,
ती म्हणाली, "जेवलीस?"

ब्राझला रायबंदरची फेरी गाठायची होती.
जाताना दारातून कड्याकडे असं बघितलं
जसं गोठ्यात शेवटचं बघतात.

मग मी एकटीनं बाराशे नववा घेतला, हावरटपणानं.
नव्वदला गेला.
खाली नाही. वर.

नोंदवहीत लिहिलं: वर.
खाली रेघ मारली, दिवा मालवला,
आणि जिन्यात असताना हसू फुटलं.
वर! हे बुराक नवीन आहे.